चाळीस टक्क्यांची रेघ: दापोडीचे स्वीडिश कारखाने आणि परकीय मालकीचा कायदा

भारतातल्या कंपनीत परदेशी मालकाने किती हिस्सा ठेवावा, यावर स्वतंत्र भारताने घातलेली सर्वांत ठळक मर्यादा चाळीस टक्क्यांची होती. 1973च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या, म्हणजे ‘फेरा’च्या, कलम 29ने ती घातली. 1 जानेवारी 1974 रोजी ती लागू झाली आणि जानेवारी 1993मध्ये उठली. एकोणीस वर्षांच्या या काळाने कारखान्यांच्या मालकीची रचना बदलली, काही नामांकित कंपन्यांना देशाबाहेर जायला लावले आणि शेअर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या हजारो मध्यमवर्गीय घरांत शेअर-प्रमाणपत्रे आणली. रेघ पुसल्यावर जे घडले, त्यात त्यांपैकी बरीच प्रमाणपत्रे घरांतून परतही गेली.

हा सगळा प्रवास एकाच गावाच्या हद्दीत पाहायचा असेल तर दापोडी पाहावी. खडकी-बोपोडीकडून मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडी लागते. एका अंगाला लोहमार्ग, जवळच लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आणि एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. याच पट्ट्यात 1960च्या दशकात तीन स्वीडिश कंपन्यांनी मुक्काम ठोकला. सँडविक एशिया ही धातू कापणारी कार्बाइडची हत्यारे बनवणारी, अ‍ॅटलास कॉप्को ही काँप्रेसर आणि खडक फोडणारी ड्रिल यंत्रे बनवणारी, तर अल्फा लावल ही दूध, तेल, औषधे अशा उद्योगांसाठी सेपरेटर आणि उष्णता-विनिमयाची यंत्रे बनवणारी. अ‍ॅटलास कॉप्कोच्या आवाराला ‘स्वेआनगर’ असे नाव पडले. स्वेआ हे स्वीडनचे जुने, काव्यात वापरले जाणारे नाव. पुढे चिंचवडला चौथी स्वीडिश कंपनी होती, बॉल बेअरिंग बनवणारी एसकेएफ. मुळा आणि पवना या नद्यांच्या आसपास स्टॉकहोम-गोथेनबर्गच्या भांडवलाची अशी दाटी व्हावी, याला कारण तेव्हाचे सरकारी धोरण होते.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले औद्योगिक धोरण 6 एप्रिल 1948 रोजी जाहीर झाले. परकीय भांडवलावर बनलेल्या उद्योगात मालकीचा मोठा वाटा आणि प्रत्यक्ष ताबा सर्वसाधारणपणे भारतीयांच्या हाती असावा, असे त्यात म्हटले होते. ज्या देशात एका व्यापारी कंपनीने शंभर वर्षे राज्य केले, तिथे ही भावना समजण्यासारखी आहे. पण कारखाने काढायला यंत्रे लागत होती आणि ती बनवण्याची विद्या बाहेर होती. म्हणून बरोबर एका वर्षाने, एप्रिल 1949मध्ये, पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेत वेगळा सूर लावला. परकीय कंपन्यांना भारतीय कंपन्यांसारखेच वागवले जाईल, नफा बाहेर नेता येईल आणि उद्योग ताब्यात घ्यावा लागलाच तर रास्त भरपाई मिळेल, अशी तीन आश्वासने त्यांनी दिली. बहुमताची मालकी भारतीयांकडे असावी हे तत्त्व कायम राहिले, पण देशहिताचे असेल तिथे अपवादही मान्य झाला. त्या काळात प्रत्येक प्रस्तावावर सरकार स्वतंत्र निर्णय घेई. टक्क्यांची ठरीव रेघ कायद्यात नव्हती.

1957-58च्या परकीय चलनाच्या टंचाईने हा अपवाद नियमासारखा वापरात आणला. युद्धकाळात इंग्लंडकडे साठलेली स्टर्लिंगची शिल्लक दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आयातीत झपाट्याने आटली. यंत्रे विकत घ्यायला डॉलर-पौंड नव्हते. अशा वेळी परदेशी कंपनी भागीदार म्हणून आली आणि आपल्या भागभांडवलापोटी रोकड न आणता यंत्रसामग्रीच घेऊन आली, तर सरकारला ते सोयीचे होते. त्याच सुमारास आयातीवर निर्बंध आले होते, त्यामुळे ज्या परदेशी कंपनीला भारतात माल विकायचा होता तिला इथेच कारखाना काढणे भाग होते. दोन्ही बाजूंची गरज जुळली.

पुणे-मुंबई रस्त्याचा औद्योगिक पट्टा या जुळणीतून उभा राहिला. पिंपरीत 1954पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना होताच. 1960च्या सुमारास सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को यांच्या भारतीय कंपन्या स्थापन झाल्या. अल्फा लावलची भारतातली मुळे त्याहून जुनी, 1937च्या व्हल्कन नावाच्या व्यापारी कंपनीपर्यंत जाणारी. एसकेएफ 1961मध्ये ‘असोसिएटेड बेअरिंग कंपनी’ या नावाने आली, कारण तिच्या प्रवर्तकांत एसकेएफबरोबर एसीसी ही सिमेंट कंपनी होती. 1962मध्ये कोथरूडच्या कारखान्यासाठी किर्लोस्कर कमिन्स निघाली, त्यात सुरुवातीला निम्मे भाग अमेरिकन कमिन्सचे होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचीही स्थापना 1962चीच. आकुर्डीत बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर बनवायला घेतली. परदेशी हिस्सा कुठे निम्मा, कुठे निम्म्याहून जास्त, तर कुठे नुसताच तांत्रिक करार, असा सगळा सरमिसळ मामला होता.

1960च्या दशकाच्या अखेरीस हवा बदलली. 1966चे अवमूल्यन, दुष्काळ आणि लाभांश, रॉयल्टी व तांत्रिक शुल्काच्या रूपाने बाहेर जाणारा पैसा यामुळे परदेशी कंपन्यांकडे पाहण्याची दृष्टी कडक झाली. 1969मध्ये मक्तेदारी नियंत्रण कायदा आला, त्याच वर्षी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पियाजिओचा परवाना 1971मध्ये संपला आणि सरकारने त्याला मुदतवाढ दिली नाही. पुढच्या वर्षी आकुर्डीतून ‘चेतक’ बाहेर पडली. फेब्रुवारी 1973च्या औद्योगिक धोरणाने परदेशी कंपन्यांना ठरावीक मूलभूत उद्योगांपुरते मर्यादित केले. या उद्योगांची यादी ‘परिशिष्ट एक’ म्हणून ओळखली जाई. त्याच वर्षी फेरा मंजूर झाला.

फेराचा जन्म चलनाच्या पहाऱ्यासाठी झाला होता. 1947च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली आणि त्यातली बहुतेक कलमे डॉलर, पौंड, सोने, परदेशी खाती यांच्याविषयी होती. कंपनीच्या मालकीचा प्रश्न कलम 29मध्ये येत होता. परदेशात नोंदलेली कंपनी, किंवा भारतात नोंदलेली पण चाळीस टक्क्यांहून अधिक हिस्सा अनिवासींकडे असलेली कंपनी, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय भारतात व्यापार-उद्योग करू शकणार नाही, असा त्याचा आशय. बँकांसाठी वेगळी व्यवस्था होती. आधीपासून धंद्यात असलेल्यांनी कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा होता. आठशेहून अधिक कंपन्यांचे अर्ज आले.

परवानगी देताना काय अट घालायची, हे सरकारने मार्गदर्शक तत्त्वांत ठरवले आणि 1976मध्ये त्यांत भर घातली. संपूर्ण उत्पादन निर्यात करणाऱ्याला शंभर टक्के परकीय मालकी चालणार होती. परिशिष्ट एकमधल्या उद्योगांना, किंवा देशात न मिळणारे उच्च तंत्रज्ञान वापरणाऱ्यांना, चौऱ्याहत्तर टक्क्यांपर्यंत मुभा होती. मिश्र स्वरूपाच्या काही कंपन्यांना एक्कावन्न. उरलेल्या सगळ्यांनी चाळीसपर्यंत उतरायचे. परदेशी कंपनीच्या भारतातल्या शाखेला तर आधी भारतीय कंपनीत रूपांतर करावे लागे.

टूथपेस्ट किंवा साबण बनवणाऱ्याला चाळीसच्या वर राहण्यासाठी फार धडपड करावी लागे. औद्योगिक यंत्रसामग्री आणि मशीन टूल्स मात्र परिशिष्ट एकमध्येच होती. म्हणून कार्बाइडची टिप, काँप्रेसर किंवा सेपरेटर बनवणाऱ्याला वरच्या पायरीसाठी अर्ज करायला निदान आधार होता. चाळीसच्या वर राहिलेल्या कंपनीला ‘फेरा कंपनी’ म्हणत. प्रत्येक विस्तारासाठी, नव्या वस्तूसाठी, कधीकधी जागेच्या व्यवहारासाठीही तिला वेगळी परवानगी लागे. चाळीसवर उतरलेली कंपनी कायद्याच्या दृष्टीने भारतीय ठरे आणि या जाचातून सुटे. टक्का गमावून मोकळीक मिळवायची, की टक्का राखून दिल्ली-मुंबईच्या फेऱ्या मारायच्या, असा हा हिशेब होता.

हा आकडा चाळीसच का, याचे उत्तर कंपनी कायद्यात सापडते. 1956च्या कायद्याप्रमाणे साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होई आणि विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागत. म्हणजे ज्याच्याकडे पंचवीस टक्क्यांहून थोडे जास्त भाग आहेत, तो कुठलाही मोठा बदल एकट्याच्या बळावर अडवू शकतो. चाळीस टक्केवाल्याकडे हा नकाराधिकार राहतोच. शिवाय उरलेले साठ टक्के जर पाच-पाच, दहा-दहा शेअर बाळगणाऱ्या हजारो लोकांत विखुरलेले असतील, तर सभेला प्रत्यक्ष हजर राहणाऱ्या मतांत चाळीस टक्केवालाच बहुमतात असतो. संचालक नेमण्याची ताकद त्याच्याकडे, व्यापारचिन्ह त्याचे, तंत्रज्ञान त्याचे. कायद्याने शेअर मोजले. ताबा मोजणे त्याला जमले नाही. हा दोष कलम 29 लिहिणाऱ्यांच्या लक्षात आला नसेल असे मानणे कठीण आहे. मात्र शेअर विकत घेण्यासाठी एखादा भारतीय उद्योगपती पुढे आणण्यापेक्षा ते जनतेत वाटणे सरकारला अधिक पसंत होते, कारण त्या काळात देशी मक्तेदारीचीही धास्ती तितकीच होती. त्यामुळे साठ टक्के विखुरले गेले आणि परदेशी व्यवस्थापन बहुतेक ठिकाणी जागच्या जागी राहिले.

हिस्सा कमी करण्याच्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे परदेशी मालकाने आपले शेअर विकून पैसा घरी न्यायचा. त्यात चलन देशाबाहेर जाणार, म्हणून सरकार नाखूष. दुसरी, कंपनीने नवे शेअर काढून फक्त भारतीयांना द्यायचे. त्यात परदेशी मालकाच्या शेअरची संख्या तीच राहते, पण एकूण संख्या वाढल्याने त्याचा टक्का घटतो, आणि आलेला पैसा कारखान्याच्या विस्ताराला मिळतो. सरकारने दुसऱ्या वाटेला उत्तेजन दिले. परकीय मालकी कमी करण्यासाठी केलेल्या कायद्याने अशा रीतीने परकीय व्यवस्थापनाखालच्या कंपन्यांना भारतीय बचतीतून भांडवल पुरवले.

हे नवे शेअर कोणत्या भावाने विकायचे, ते कंपनीच्या हातात नव्हते. 1947च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली दिल्लीत भांडवल-विक्री नियंत्रक हा अधिकारी बसे. कंपनीची निव्वळ मालमत्ता आणि सरासरी नफा यांवरून तो भाव ठरवून देई. हा भाव बाजारातल्या भावापेक्षा बराच कमी असे. म्हणजे नामांकित, नियमित लाभांश देणाऱ्या कंपनीचा शेअर अर्जदाराला सवलतीत मिळे आणि बाजारात नोंदणी झाली की त्याच दिवशी वर जाई. अर्ज शेअरच्या कित्येक पट येत, वाटप सोडत काढून होई.

1970च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या पगारदार वर्गात शेअरचा शिरकाव झाला तो या ‘फेरा इश्यूं’मधून. तोवर या वर्गाची बचत पोस्टात, बँकेत, विम्यात आणि सोन्यात असे. शेअर म्हणजे सट्टा, अशी पक्की समजूत होती. कोलगेट-पामोलिव्हसारख्या कंपनीने 1978मध्ये शेअर विकायला काढले, तेव्हा घराघरात रोज हाती येणाऱ्या नावाचा भाग विकत घेता येतो ही गोष्टच नवी होती. बँकेतला कारकून, शाळेतला शिक्षक, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा अधिकारी आपल्या, पत्नीच्या, मुलांच्या नावाने अर्ज भरू लागला. पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार 1982मध्ये निघाला. दापोडीच्या तिन्ही स्वीडिश कंपन्यांचे आणि चिंचवडच्या एसकेएफचे शेअर बाजारात खरेदी-विक्रीला होते. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर पिंपरी-चिंचवडची वस्ती उठे, त्याचा वार्षिक अहवाल आणि लाभांशाचा धनादेश सदाशिव पेठेतल्या घरातही येऊ लागला.

फेराचा सर्वांत टिकाऊ परिणाम हाच होता, आणि कायदा करताना तो कोणाच्या मनात नव्हता.

सगळ्यांनीच ही अट मानली नाही. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना 1977मध्ये कोका-कोला कंपनीने भारत सोडला. चाळीस टक्क्यांवर उतरण्याबरोबर पेयाच्या अर्काची कृती भारतीय कंपनीला देण्याचीही मागणी होती आणि ती तिला मान्य नव्हती. आयबीएमने शंभर टक्के मालकीचा हट्ट सोडला नाही आणि 1978मध्ये कारभार आवरला. या दोन घटनांची आठवण अजून काढली जाते. पुण्याशी संबंधित तिसरे उदाहरण मात्र विसरले गेले आहे आणि ते अधिक बोलके आहे. आयबीएमची इंग्रज प्रतिस्पर्धी आयसीएल हिचा पुण्यात संगणक जुळणीचा कारखाना होता. तिने चाळीस टक्के मान्य केले. तिची पुण्यातली आयसीआयएम ही कंपनी भारतीय भागधारकांसह चालू राहिली आणि 2000मध्ये तिचेच नाव झेन्सार टेक्नॉलॉजीज झाले. आयबीएम परत येईपर्यंतच्या काळात पुण्यात संगणकाचे काम जाणणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती.

फेरावर परदेशी कंपन्यांची तक्रार अशी असे की असा कायदा फक्त मागास देशातच शोभतो. दापोडीच्या कंपन्यांना तरी हे म्हणता आले नसते. स्वीडनमध्ये 1916पासून असाच कायदा होता. परदेशी लोक उत्तरेकडची जंगले, खाणी आणि धबधबे विकत घेतील या भीतीने तो झाला होता. जमीन किंवा खाणी बाळगणाऱ्या कंपनीला त्यातून सुटायचे तर आपल्या नियमावलीत परदेशीयांवर बंधन घालणारे कलम टाकावे लागे. मग शेअर दोन प्रकारचे होत. ‘बद्ध’ शेअर फक्त स्वीडिश धारकांना आणि ‘मुक्त’ शेअर कोणालाही. मुक्त शेअरची मर्यादा भांडवलाच्या चाळीस टक्के आणि मतांच्या वीस टक्के. बड्या स्वीडिश कंपन्यांचे शेअर स्टॉकहोमच्या बाजारात असे दोन रांगांत विकले जात. म्हणजे मूळ कंपनी मायदेशी परदेशीयांना चाळीसच्या वर येऊ देत नव्हती आणि तिची भारतीय कन्या परदेशी मालकाला चाळीसकडे उतरवत होती. मतांच्या बाबतीत स्वीडिश कायदा फेराहून कडक होता, कारण ताबा शेअरच्या संख्येत नसून मतांत असतो हे त्याने ओळखले होते. स्वीडनने हे बंधन 1 जानेवारी 1993 रोजी रद्द केले. भारताने कलम 29मधली चाळीस टक्क्यांची अट काढणारा अध्यादेश त्यानंतर आठवड्याभरात, 8 जानेवारीला काढला. दोन्ही निर्णयांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दोन्हींमागचे वारे एकच होते.

भारतात हे वारे 1991च्या परकीय चलनाच्या संकटाने आले. 1957ची टंचाई परदेशी भांडवलाला दार उघडून गेली होती, आणि आता पुन्हा तेच घडले. 24 जुलै 1991 रोजी, अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला त्याच दिवशी, नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले. अग्रक्रमाच्या चौतीस उद्योगांत एक्कावन्न टक्क्यांपर्यंत परकीय हिस्सा आपोआप मंजूर होणार होता. 1993च्या दुरुस्तीने भारतात नोंदलेल्या कंपनीला, तिच्यातला परकीय हिस्सा कितीही असो, कलम 29च्या परवानगीची गरज उरली नाही. फेराच्या जागी परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ‘फेमा’, 1 जून 2000 रोजी आला, तोवर बहुतेक कारखानदारी शंभर टक्के परकीय मालकीला खुली झाली होती.

आता उलटा प्रवास सुरू झाला आणि त्यात लहान भागधारकाचे मोठे नुकसान झाले. मे 1992मध्ये भांडवल-विक्री नियंत्रकाचे पद गेले आणि शेअरचा भाव ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे आला. चाळीसवरून एक्कावन्नवर जाण्यासाठी परदेशी मालकाने बाजारातून शेअर घेतले असते तर बाजारभाव मोजावा लागला असता. त्याऐवजी अनेक कंपन्यांनी विशेष ठराव करून फक्त परदेशी मालकाला नवे शेअर दिले, तेही बाजारभावाच्या कितीतरी खाली. ‘प्रेफरेन्शियल अलॉटमेंट’ असे त्याचे नाव. चाळीस टक्के मते मालकाची, सरकारी वित्तसंस्थांची मते बहुधा व्यवस्थापनाच्या बाजूने, आणि लहान भागधारक सभेला येतच नाही. ठराव मंजूर व्हायला अडचण नव्हती. ज्या विखुरलेपणाने 1970च्या दशकात परदेशी व्यवस्थापन वाचवले, त्यानेच आता त्याला स्वस्तात बहुमत मिळवून दिले. अखेर 1994मध्ये शेअर बाजाराच्या नियामक सेबीने नियम घातला: असे शेअर द्यायचे तर आधीच्या सहा महिन्यांच्या बाजारभावाच्या सरासरीहून कमी भावाने देता येणार नाहीत. तोवर अनेक नामांकित कंपन्यांनी काम उरकून घेतले होते.

बहुमत हाती आल्यावर पुढची पायरी संपूर्ण मालकीची. बाजारात नोंदलेली कंपनी म्हणजे दर तिमाहीला आकडे जाहीर करणे, भागधारकांच्या सभा, आणि मूळ कंपनीशी होणाऱ्या व्यवहारांवर बाहेरच्यांची नजर. परदेशी मालकाला हा खटाटोप नको होता आणि भारतीय जनतेच्या पैशाची त्याला गरजही उरली नव्हती. सेबीने 2003मध्ये नोंदणी रद्द करण्याची तत्त्वे घातली. त्यांत भाव ठरवण्याची उलटी बोली आली: लहान भागधारक आपल्याला हवा तो भाव सांगतो आणि सर्वाधिक शेअर ज्या भावाला देऊ केले जातील तो भाव मालकाने स्वीकारायचा किंवा माघार घ्यायची. फेरानंतरच्या इतिहासात सौदा ठरवताना लहान भागधारकाचा शब्द खऱ्या अर्थाने मोजला गेला तो इथे.

पण नोंदणी रद्द झाली तरी थोडे भागधारक मागे उरतात. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न न्यायालयात पोचला तो दापोडीच्याच सँडविक एशियाच्या निमित्ताने. बाजारातून बाहेर पडलेल्या या कंपनीत स्वीडिश प्रवर्तकांकडे जवळजवळ सगळे भाग होते. उरलेल्यांचे शेअर पैसे देऊन रद्द करायचे आणि भांडवल तेवढे कमी करायचे, असा विशेष ठराव कंपनीने केला. 1956च्या कंपनी कायद्याच्या कलम 100खाली तेव्हा त्याला न्यायालयाची मंजुरी लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने ती नाकारली, कारण या योजनेत लहान भागधारकाला राहण्याचा पर्यायच नव्हता. पैसे घेऊन निघून जाणे एवढेच त्याच्या वाट्याला येत होते. कंपनी अपिलात गेली. एप्रिल 2009मध्ये खंडपीठाने निकाल फिरवला. शेअरची रास्त किंमत मिळते आहे, ती कमी आहे असे कोणी म्हणतही नाही, आणि बिगर-प्रवर्तकांतल्याही बहुतेकांनी ठरावाला मत दिले आहे. मग मंजुरी रोखण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाचा आधार पुढे देशभरच्या कंपन्यांनी घेतला. भारतातल्या कंपनी कायद्याच्या अभ्यासात सँडविक एशियाचे नाव आज येते ते तिच्या हत्यारांमुळे नव्हे, तर या प्रकरणामुळे. निकाल कायद्याला धरून आहे. पण एकसदस्य पीठाने उपस्थित केलेला मुद्दाही पोकळ नव्हता. शेअर ही मालमत्ता आहे असे म्हटले, तर न विकण्याचा अधिकार हाही मालकीचाच भाग ठरतो. वीस-तीस वर्षे शेअर सांभाळणाऱ्याला रास्त किंमत मिळाली तरी त्याची मर्जी विचारली गेली नाही, आणि त्याच्या बाजूने उभे राहणारे कलम आता कायद्यात नव्हते.

दापोडीच्या उरलेल्या दोन स्वीडिश कंपन्यांना एका नव्या नियमाने निर्णय घ्यायला लावला. 2010मध्ये सरकारने ठरवले की बाजारात नोंदलेल्या प्रत्येक खासगी कंपनीत निदान पंचवीस टक्के शेअर जनतेकडे असलेच पाहिजेत. मुदत तीन वर्षांची. हा नियम देशी-परदेशी सर्व प्रवर्तकांना सारखाच होता. पंचाहत्तरच्या वर गेलेल्या परदेशी मालकांपुढे मात्र जुनाच पेच नव्या रूपात आला: हिस्सा कमी करा किंवा बाजारातून बाहेर पडा. 1974मध्ये बाहेर पडणे म्हणजे देश सोडणे होते. आता कारखाना जागच्या जागी ठेवून फक्त भागधारकांना निरोप देता येत होता. अ‍ॅटलास कॉप्को आणि अल्फा लावल या दोघींनी दुसरा मार्ग घेतला आणि 2011-12च्या सुमारास त्यांचे शेअर बाजारातून गेले. दापोडीच्या तिन्ही स्वीडिश कंपन्या जवळजवळ पूर्णपणे स्वीडिश मालकीच्या झाल्या. चिंचवडची एसकेएफ तेवढी बाजारात राहिली. पुणे शेअर बाजारही 2015मध्ये सेबीच्या आदेशाने बंद झाला.

मधल्या काळात औद्योगिक पट्टा चाकणपर्यंत पसरला आणि तिथे जे परदेशी कारखाने आले, त्यांतल्या बहुतेकांची भारतीय भागधारकाशी गाठच पडली नाही. मर्सिडीज-बेंझ 1994मध्ये टेल्को या भारतीय वाहनकंपनीशी भागीदारी करून पिंपरीत आली होती. 2009मध्ये चाकणला गेली तेव्हा ती संपूर्ण जर्मन मालकीची होती. त्याच वर्षी चाकणलाच सुरू झालेला फोक्सवॅगनचा कारखाना पहिल्या दिवसापासून तसाच होता.

टक्क्यांची मर्यादा काही क्षेत्रांत मात्र पुढेही बराच काळ टिकून राहिली. विमा हे त्यातले ठळक क्षेत्र. 1999च्या कायद्याने विमा खासगी कंपन्यांना खुला झाला तेव्हा परकीय हिस्सा सव्वीस टक्क्यांवर बांधला होता. विशेष ठराव अडवता येईल इतका, त्याहून जास्त नाही. पुढे ही मर्यादा 2015मध्ये एकोणपन्नास आणि 2021मध्ये चौऱ्याहत्तर झाली. ज्या बजाज फिनसर्व्हचे नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीत आहे, तिच्या विमा कंपन्यांत जर्मनीच्या आलियान्झचा हिस्सा 2001पासून सव्वीस टक्केच होता. कायदा सैल झाला तरी तो वाढला नाही, कारण भारतीय भागीदार आपला टक्का सोडायला तयार नव्हता. मार्च 2025मध्ये बजाजने हे सव्वीस टक्के सुमारे 24,180 कोटी रुपयांना परत विकत घेण्याचा करार केला. फेराच्या काळात परदेशी कंपनीला खाली उतरवायला सरकार लागत होते. इथे ते काम भारतीय भागीदाराच्या पैशाने केले.

17 एप्रिल 2020च्या आदेशाने एक वेगळ्याच प्रकारची मर्यादा आली. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातून येणाऱ्या कुठल्याही गुंतवणुकीला, ती कितीही लहान असो, आधी सरकारी मंजुरी सक्तीची झाली. प्रश्न आता टक्क्यांचा नव्हता, पैसा कोणत्या देशाचा याचा होता. याचा पहिला मोठा फटका चाकणशेजारच्या तळेगावला बसला. जनरल मोटर्सने आपला तिथला कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचा करार जानेवारी 2020मध्ये केला होता. जूनमध्ये महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करारही झाला. त्याच महिन्यात गलवानच्या खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक झाली. मंजुरी आलीच नाही. कारखान्याचे उत्पादन 2020च्या अखेरीस थांबले, कामगार ताटकळत राहिले आणि 2022मध्ये सौदा मोडला. ऑगस्ट 2023मध्ये तोच कारखाना कोरियाच्या ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने घेण्याचा करार केला.

ही ह्युंदाई तोवर शंभर टक्के कोरियन मालकीची होती. ऑक्टोबर 2024मध्ये तिने साडेसतरा टक्के शेअर भारतीय बाजारात विकले, 27,870 कोटी रुपयांना. तोवरची भारतातली ही सर्वांत मोठी शेअरविक्री. 1978च्या फेरा इश्यूंशी हिची तुलना केली तर व्यवहाराचे प्रत्येक अंग उलटे दिसते. तेव्हा विक्री कायद्याच्या सक्तीने होत असे, इथे मालकाच्या मर्जीने झाली. तेव्हा भाव दिल्लीचा अधिकारी ठरवी, इथे तो कंपनीने आणि बाजाराने ठरवला. तेव्हा सरकारचा आग्रह नव्या शेअरचा होता आणि पैसा कारखान्यात जाई. इथे एकही नवा शेअर निघाला नाही, मूळ कंपनीने आपलेच शेअर विकले आणि रक्कम सोलला गेली. नोंदणीनंतर जनतेचा हिस्सा पंचवीस टक्क्यांवर नेण्यासाठी मात्र तिला नियमाने ठरावीक वर्षांची मुदत आहे.